राजदूत ३५०: उजवा प्लग पुन्हा पुन्हा मरतोय? जेट बदलण्याआधी गिअर ऑइल मोजा

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमच्या गाडीचं दुखणं हेच आहे का ते लगेच कळेल.

गाडी थंड असताना दोन-तीन किकमध्ये चालू होते. पहिले दहा-पंधरा किलोमीटर दोन्ही सिलिंडर मस्त ओढतात. मग सिग्नलला थांबलं की उजवा सायलेन्सर पांढरा धूर टाकायला लागतो, आणि इंजिन चांगलं गरम झालं तरी तो धूर थांबत नाही. चाळीस-पन्नास किलोमीटरवर उजवी बाजू आधी चुकायला लागते, मग पूर्ण गप्प होते. प्लग काढून बघावा तर चकचकीत काळा, तेलानं थबथबलेला. नवा प्लग टाकला की गाडी पुन्हा ठणठणीत, पण पुढच्या चाळीस किलोमीटरपुरतीच. डावा प्लग मात्र चहाच्या रंगाचा, अगदी हवा तसा.

माझी गाडी १९८७ची राजदूत ३५० आहे. यामाहाची आरडी ३५० एस्कॉर्ट्सनं १९८३ पासून आपल्याकडे बनवली, तीच ही. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, रीड व्हॉल्व्ह, सहा गिअर. माझी नंतरच्या काळातली, म्हणजे 'लो टॉर्क'वाली, २७ बीएचपीची; आधीची 'हाय टॉर्क' साडेतीस बीएचपीची होती. मामांनी घेतलेली ही गाडी पुढे अकरा वर्षं गावी गोठ्याशेजारच्या खोलीत उभी होती. गेल्या दिवाळीत ती टेंपोत घालून कोल्हापूरला आणली आणि घराच्या मागच्या पडवीत काम सुरू केलं. टाकी आतून धुतली, कार्बोरेटर साफ केले, ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर नवे टाकले, वायरिंग बदललं. गाडी चालू झाली त्या दिवशी गल्लीतली सगळी पोरं जमली होती. तिसऱ्या दिवसापासून उजवा प्लग मरायला लागला.

जे करून काही उपयोग झाला नाही

प्लग ओला म्हटलं की प्रत्येकाचं उत्तर ठरलेलं असतं: "पेट्रोल जास्त जातंय, जेट बारीक कर." (जेट म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक.) दुसरं उत्तर: "टू-टी ऑइल जास्त जातंय, पंप कमी कर." (टू-टी म्हणजे पेट्रोलबरोबर जळणारं तेल; गिअर ऑइल वेगळं.) मी दोन्ही केलं. दोन्ही कार्बोरेटरचे मेन जेट एक-एक नंबर खाली आणले, नीडलची (जेटमध्ये वर-खाली होणाऱ्या सुईची) क्लिप वरच्या खाचेत घातली, ऑइल पंपाची केबल खुणेच्या मागे ठेवली. धूर थोडा कमी झाला आणि मला वाटलं, सापडलं.

दोन दिवसांनी पहाटे हायवेला कागलच्या अलीकडे नव्वदच्या वेगात डावा पिस्टन पकडला, म्हणजे सिलिंडरमध्येच अडकला. डावा. जी बाजू पहिल्यापासून चांगली होती ती. मागचं चाक क्षणभर करकचून थांबलं, क्लच दाबला म्हणून गाडी सरळ राहिली. हात तासभर थरथरत होते. उजव्या बाजूचं दुखणं समजून मी दोन्ही बाजूंचं पेट्रोल आणि तेल तोडलं होतं, आणि चांगल्या चाललेल्या सिलिंडरला उपाशी ठेवलं होतं. म्हणून कळकळीनं सांगतो: एकाच बाजूचा प्लग ओला होत असेल तर कारण सापडेपर्यंत जेटला आणि ऑइल पंपाला हात लावू नका. शिवाय हाय टॉर्क आणि लो टॉर्कची मांडणी एक नाही, त्यामुळे मित्राच्या गाडीतल्या जेटचा नंबर आपल्या गाडीला लावण्यात काही अर्थ नसतो.

करायचीच असेल तर अदलाबदल करा, त्यात नुकसान काही नाही. डावी कॉइल उजवीकडे, उजवी डावीकडे. प्लगच्या कॅपचं तेच. मग जेट, नीडल, फ्लोटची सुई. दर वेळी एकच वस्तू बदलायची आणि फेरी मारायची. दुखणं वस्तूबरोबर दुसऱ्या बाजूला गेलं तर चोर सापडला. माझ्याकडे सगळं बदलूनही ते उजवीकडेच राहिलं, म्हणजे ते वरच्या सामानात नव्हतंच.

आणखी एक फरक ओळखायला शिका. गाडी दोन-चार दिवस उभी राहिली की पहिल्या किकला भक्कन धूर येतो आणि दोन किलोमीटरमध्ये निवळतो, असं होत असेल तर टू-टी ऑइल पंपाच्या वाटेनं हळूहळू आत पाझरत असतं. ते वेगळं दुखणं आहे आणि त्याला इंजिन खोलावं लागत नाही. गरम झाल्यावरही न थांबणारा, एकाच सायलेन्सरचा धूर म्हणजे मात्र पुढे वाचा.

वाट दाखवली मामांनी

पिस्टन पकडल्याचं सांगायला मामांना फोन केला. बोलता बोलता सहज विचारलं, "मामा, गिअर ऑइल तुम्ही किती दिवसांनी बदलायचा?"

"बदलायचं कशाला? ते आपोआपच कमी व्हायचं. महिन्याला अर्धा लिटर वरनं टाकत होतो बघ मी."

"आणि खाली गळायचं कुठं?"

"गळत तर नव्हतं रे. फरशी कोरडी ठणठणीत असायची."

गिअर ऑइल कमी होतंय आणि खाली थेंब नाही, म्हणजे ते इंजिनात जळतंय. दुसरी वाटच नाही. मी गाडी आणल्यावर दीड लिटर तेल मोजून ओतलं होतं. त्यावर फिरणं झालं होतं साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. त्याच संध्याकाळी खालचा बोल्ट काढून सगळं तेल दुधाच्या मापात काढलं. रात्रभर निथळू दिलं. सकाळी मापात एक लिटर आणि वर थोडं. जवळजवळ चारशे मिली तेल उजव्या सायलेन्सरमधून वाऱ्यावर गेलं होतं. हा तपास फुकटात होतो, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि मी तो सगळ्यात आधी करायला हवा होता.

असं का होतं?

टू-स्ट्रोकमध्ये क्रँक (पिस्टनला जोडलेला फिरता दांडा) फिरतो ते चेंबर हाच पंप असतो. पिस्टन वर जाताना चेंबरमध्ये ओढ तयार होते आणि पेट्रोल-हवा आत येते. खाली येताना तेच मिश्रण दाबलं जाऊन वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. आरडीत दोन सिलिंडरना दोन चेंबर आहेत. दोघांच्या मध्ये क्रँकवरच धातूचं लॅबिरिंथ सील (न टेकता, खाचांनी हवा अडवणारं), आणि क्रँकच्या दोन्ही टोकांना एकेक रबरी ऑइल सील.

या दोन टोकांच्या बाहेर काय आहे ते नीट बघा, सगळा उलगडा तिथेच आहे. डाव्या टोकाला अल्टरनेटर आणि पॉइंट, म्हणजे कोरडी हवा. उजव्या टोकाला क्लचची बाजू, म्हणजे गिअर ऑइल. उजवं सील गेलं की पिस्टनच्या प्रत्येक फेरीला चेंबर गिअर ऑइल ओढतं. प्लग ओला, धूर पांढरा. डावं सील गेलं की तेच चेंबर हवा ओढतं. मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), प्लग पांढराफटक पडतो, थ्रॉटल सोडला तरी इंजिन रेस धरून बसतं, स्लोचा स्क्रू पूर्ण सोडूनही आवाज खाली येत नाही. दोन्हींत डावं सील जास्त घातक, कारण धूर नाही, गळती नाही, गाडी उलट नेहमीपेक्षा चपळ वाटते, आणि एक दिवस पिस्टनला भोक पडतं.

गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की या सीलचं रबर कडक होतं आणि त्याचा ओठ, म्हणजे क्रँकवर टेकणारी आतली धार, क्रँकला चिकटून बसतो. पहिल्या किकलाच तो ओठ फाटू शकतो. म्हणून उभी राहिलेली कुठलीही टू-स्ट्रोक घरी आणली, मग ती आरडी असो की आरएक्स १००, सील संशयितच धरायची.

दाबाची परीक्षा

इंजिन खोलायच्या आधी खात्री करून घेता येते आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. मी घरातलं रक्तदाब मोजायचं घड्याळवालं जुनं यंत्र घेतलं. दंडाला बांधायचा पट्टा काढून टाकला, रबरी फुगा आणि घड्याळ तेवढं ठेवलं. हे घड्याळ ३०० मिमी पाऱ्यापर्यंत दाखवतं, म्हणजे साधारण पावणेसहा पीएसआय. वर्कशॉपमध्ये या परीक्षेला सहा पीएसआयच वापरतात, तेव्हा माप जवळजवळ नेमकं जमतं. टायरला हवा भरायचा कॉम्प्रेसर चुकूनही लावू नका, चांगली सीलसुद्धा जागेवरून सुटतील.

दोन्ही सायलेन्सर आणि दोन्ही कार्बोरेटर काढायचे. सिलिंडरला सायलेन्सर जिथे जोडतो त्या तोंडात बसेल असा रबराचा बुच, त्याच्या मधून बोल्ट, दोन्ही बाजूंना वॉशर. बोल्ट आवळला की रबर फुगून घट्ट बसतं. कार्बोरेटरच्या रबरात बसायला कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ॲल्युमिनियमचे दोन बुच करून घेतले, कार्बोरेटरच्या तोंडाच्या मापाचे. एकाला मधोमध भोक पाडून जुन्या सायकलच्या ट्यूबची नळी बसवली, फुग्याची रबरी नळी त्यावर. ऑइल पंपाच्या नळ्या जिथे आत शिरतात ती तोंडंही बंद करायची. प्लग आपापल्या जागी घट्ट. दोन्ही बाजू एकदमच बंद करायच्या, कारण मधलं लॅबिरिंथ सील पूर्ण हवाबंद नसतं आणि दोन इनटेकना जोडणारी बॅलन्स पाइपही असते. एकच बाजू बंद करून तपासाल तर उगाच घाबराल.

मग फुगा दाबत ३०० पर्यंत न्यायचं आणि हातात घड्याळ घेऊन बसायचं. चांगलं इंजिन सहा मिनिटं दाब धरतं. मिनिटाला एक पीएसआय, म्हणजे पन्नासेक मिमी, यापेक्षा जास्त उतार चालत नाही. माझा काटा ३०० वरून १०० वर वीस सेकंदांत आला.

आता हवा जाते कुठून? आधी साबणाचं पाणी ब्रशनं सगळीकडे लावा. हेडचं पॅकिंग, सिलिंडरचं बूड, रीडची गॅस्केट, इनटेकचे रबर आणि विशेषतः ती बॅलन्स पाइप. जुन्या रबराला चिरा पडलेल्या असतात आणि त्या हाताला लागत नाहीत, बुडबुडे मात्र लगेच दाखवतात. माझी बॅलन्स पाइप एका टोकाला चिरलेली निघाली. ती बदलून पुन्हा दाब दिला, काटा तितक्याच झपाट्यानं खाली.

डावं सील बघायला अल्टरनेटरची बाजू उघडून, पुलरनं त्याचा रोटर (फिरणारा भाग) काढून मागे साबणाचं पाणी लावायचं. तिथे काही नव्हतं. उजवं सील क्लचच्या मागे तेलात असतं, ते दिसत नाही. पण त्यातून सुटलेली हवा गिअरबॉक्समध्ये येते आणि गिअरबॉक्सला बाहेरची वाट एकच, ब्रीदरची, म्हणजे हवा सोडायच्या छोट्या तोंडाची. ब्रीदरला हातभर नळी लावली आणि तिचं टोक पाणी भरलेल्या स्टीलच्या पेल्यात बुडवलं. बायकोला म्हटलं, तू पेल्याकडे बघ, मी फुगा दाबतो. दुसऱ्याच दाबाला ती म्हणाली, "अहो, उकळल्यासारखं होतंय की हे!" पेल्यात बुडबुड्यांची रांग लागली होती. दोन महिन्यांचा गोंधळ त्या पेल्यात संपला.

खोलल्यावर काय दिसलं

आरडीचं चेंबर, म्हणजे क्रँक आणि गिअर ज्यात असतात ते कवच, आडवं उघडतं, वरचा भाग आणि खालचा भाग असं. हेड, सिलिंडर, क्लच, रोटर उतरवून इंजिन लाकडी खोक्यावर उलटं ठेवायचं आणि खालचा भाग उचलायचा. क्रँक आणि गिअर वरच्या भागात जागेवर राहतात. बोल्टशेजारी चेंबरवर आकडे ओतलेले असतात. सोडताना मोठ्या आकड्याकडून लहानाकडे, आवळताना लहानाकडून मोठ्याकडे. सगळे बोल्ट एका लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट आपापल्या जागी खोचून ठेवला.

खालचा भाग निघाला आणि उजवं सील बघून वाईट वाटलं. या सीलला बाहेरून एक कड असते, ती चेंबरमधल्या खाचेत बसते, म्हणजे सील हलत नाही. कड असल्यामुळेच सील बदलायला चेंबर उघडावं लागतं. कधीतरी कुणा गॅरेजवाल्यानं ते कष्ट वाचवायला कड ग्राइंडरनं घासून सील बाहेरूनच ठोकून बसवलं होतं. ते दोन मिमी बाहेर सरकून तिरकं झालं होतं, ओठ एका बाजूला झिजून धारदार झाला होता. मामा महिन्याला अर्धा लिटर तेल टाकत होते ते या घासलेल्या कडेपायी. 'चेंबर न खोलता सील बदलून देतो' असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून परत आणा.

दोन्ही सील बदला, एकच गेलं असलं तरी. कड असलेलंच घ्या आणि दुकानातच व्हर्नियर लावून जुन्याच्या मापाशी जुळवा. सीलचं तोंड कुठल्या बाजूला हे जुनं बघून ठरवू नका, आधीच्यानं उलटं बसवलेलं असू शकतं. पार्ट्स मॅन्युअलमधलं चित्र बघा. क्रँकवर जिथे सीलचा ओठ फिरतो ती जागा बोटाच्या नखानं तपासा. नख अडकलं तर नवं सीलही टिकणार नाही. माझ्याकडे गंजाचे बारीक ठिपके होते. सहाशे नंबरच्या पॉलिश पेपरची अरुंद पट्टी तेलात भिजवून, बुटाला पॉलिश करताना फडकं ओढतो तशी गोल फिरवत घासली. लांबीच्या दिशेनं घासायचं नाही, त्या ओरखड्यांतून तेलाला वाट मिळते.

क्रँक बाहेर आहेच तर तो सरळ आहे का तेही बघून घ्या. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल लावली, तर सहा शतांश मिमी वाकडा. तांब्याच्या हातोडीनं ठोकत दोन शतांशांवर आणला. वाकडा क्रँक नव्या सीलचा ओठ प्रत्येक फेरीला ताणतो, मग चार महिन्यांत पुन्हा तेच दुखणं. डावा पिस्टन ओरखडला होता म्हणून दोन्ही बाजूंना ०.५० मिमी ओव्हरसाइज पिस्टन घेतले. पिस्टन मिस्त्रींच्या हातात देऊनच बोअर मारायला सांगा, नुसतं माप सांगू नका.

बंद करताना क्रँकच्या बेअरिंगच्या पिना आपापल्या खाचेत बसल्यात हे दोनदा बघा. सीलच्या ओठाला ग्रीसचं बोट फिरवा, कोरडं सील पहिल्या मिनिटात जळतं. दोन भागांच्या मध्ये कागदाचं पॅकिंग नसतं, पेट्रोलला टिकणारा गॅस्केट मेकर अगदी पातळ लावायचा. साधं सिलिकॉन पेट्रोलनं फुगतं आणि त्याचे तुकडे आत फिरतात.

आणि इंजिन फ्रेमवर चढवायच्या आधी, टेबलावरच, दाबाची परीक्षा पुन्हा. माझा काटा सहा मिनिटांनी २८० वर होता. पेल्यात एकही बुडबुडा नाही.

मग सुधारणा

आता जेट मूळ नंबरवर, नीडल मधल्या खाचेत, पंपाची खूण जागेवर. इथून पुढे कार्बोरेटर लावण्याला अर्थ आहे, कारण आत येणारी हवा आता फक्त कार्बोरेटरमधूनच येते. हल्लीच्या ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचा विचार मात्र करावा लागतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण साधारण सात-आठ टक्के पातळ होतं. म्हणून प्लगचा रंग बघत बघत मी मेन जेट एक नंबर मोठाच ठेवला. पेट्रोलच्या जुन्या नळ्या आणि फ्लोटच्या सुईचं रबरही बदललं, इथेनॉलपुढे जुनं रबर टिकत नाही.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, ते समाधानाचं काम झालं. दोन पॉइंटच्या दोन वेगळ्या झिजेमुळे दोन सिलिंडरचं ठिणगीचं टायमिंग पुढे-मागे होत राहतं, तो जाच संपला. एक्स्पान्शन चेंबरचा (ताकद वाढवणाऱ्या खास सायलेन्सरचा) मोह अजून आवरलाय. त्यानं जेटिंग सगळं नव्यानं करावं लागतं, आणि पुढचा ब्रेक चांगला झाल्याशिवाय ताकद वाढवायची माझी तयारी नाही. जपानी आरडीला पुढे डिस्क होती. आपल्या राजदूतला दोन्ही चाकांना ड्रमच. सध्या लायनर नवे, ड्रम लेथवर गोल करून घेतलाय, केबल नवी. तेवढ्यानंही बराच फरक पडलाय.

पाचशे किलोमीटर रनिंग झाल्यावर मागच्या रविवारी गिअर ऑइल पुन्हा त्याच दुधाच्या मापात काढलं. दीड लिटर ओतलं होतं. एक लिटर चारशे ऐंशी मिली निघालं. दोन्ही प्लग तपकिरी.